हौदाखालचं विष

दुकानाच्या मागच्या खोलीत, जमिनीत पाडलेल्या खड्ड्याभोवती तीन पुरुष तोंडाला मुसकी बांधून उभे होते आणि आत्या स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होती. तिघांपैकी दोन तिचे भाचे. थोरला विमा विकायचा आणि मधला जुन्या गाड्या. तिसरा होता तो प्रोफेसर. तो कुठल्या कॉलेजात शिकवायचा हे कुणी विचारलं नव्हतं. मोबाइलवर तो गुप्तधनाचे व्हिडिओ टाकायचा आणि मधला ते जेवताना बघायचा, एवढ्यावर त्याला बोलावणं गेलं होतं.

"आत्या, तू पण बांध गं तोंडाला," मधला मुसक्यातून म्हणाला.

"कशाला? मी बोलू नये म्हणून?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठिणगी खाली मान घालून पितळेची मूठ घासत होती. ती हसली, पण आवाज न करता. ठिणगी म्हणजे या दोघांची धाकटी बहीण. जन्मली तेव्हा इतकीशी होती आणि इतकी रडली होती, की सुईणीनेच ते नाव ठेवलं आणि पुढे तेच चिकटलं. तिघांच्या बापाचं, म्हणजे आत्याच्या दादाचं, हे दुकान. मुलामा देण्याचं. पितळेची वस्तू इथून चांदीची होऊन जायची आणि चांदीची सोन्याची. निदान वरून तरी. वस्तू घासायची, तारेला बांधायची, द्रावणात सोडायची, विजेचं बटण दाबायचं आणि बाहेर काढून हौदात धुवायची. धुण्याचं काम पस्तीस वर्षं आत्याने केलं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, पहिल्या दिवशी दादाने तिला रबरी हातमोजे दिले आणि सांगितलं, "या खोलीत हात तोंडाला लावायचा नाही, काही खायचं नाही, खिडकी लावायची नाही. तेजाबाच्या बरण्या या भिंतीला, सायनाइड त्या भिंतीला. भांडलेल्या जावांसारख्या ठेवायच्या. त्यांची गाठ पडली की आपण संपलो." पस्तीस वर्षांत गाठ पडली नाही.

दादाच्या मुलग्यांनी मात्र या खोलीत कधी पाऊल ठेवलं नाही. हाताला वास लागतो म्हणायचे. शाळेत असताना दोघंही बापाचा धंदा विचारला की "दागिन्यांचा व्यवसाय" सांगायचे.

दादा जाऊन चार महिने झाले होते. त्याने मृत्युपत्रात एकच अट घातली होती: जोवर या दुकानात सोन्याचं काम चालू आहे, तोवर दुकान विकायचं नाही, बंद पडलं तर विकून तिघांनी वाटून घ्यावं. आणि सोन्याचं काम तीन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. दादाला झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली, तेव्हा इस्पितळासाठी ठिणगीने सोन्याचं द्रावण आटवून त्यातलं सोनं विकलं होतं. मुलग्यांनी तेव्हा काखा वर केल्या होत्या. थोरल्याने तर बापाचा विमा का नव्हता यावर बापाच्या उशाशी बसून व्याख्यान दिलं होतं. त्यानंतर ठिणगी चांदीचं आणि निकेलचं काम करत राहिली. नवं द्रावण करायला सोनं हवं होतं आणि सोन्याचा भाव ऐकूनच तिचे डोळे पांढरे व्हायचे. आता पहिल्या तारखेला एक बुटांचा व्यापारी दुकानाचा ताबा घ्यायला येणार होता. ठिणगीने भावांना विनवलं होतं, वर्षभर थांबा. थोरला म्हणाला होता, "सोन्याचं काम सुरू करून दाखव, मग आयुष्यभर थांबतो." आणि दोघं भाऊ खूप हसले होते.

ताबा द्यायच्या आधी त्यांना फक्त एक काम उरकायचं होतं. बापाचा खजिना काढायचा होता.

लहानपणी ही मुलं हौदापाशी खेळायला लागली की दादा ओरडायचा, "तिथे खणू नका रे! खाली विष आहे. हात लावेल तो मरेल!" असं बजावलं की पोरं त्यातून खजिन्याचा अर्थ काढणारच, आणि त्यांनी तो काढला. विष आहे म्हणजे राखण आहे, राखण आहे म्हणजे सोनं आहे. आत्याला हे सगळं थोतांड वाटायचं. तिने दादाला कितीदा तोंडावर सांगितलं होतं, "दादा, तुझ्या सदऱ्याला ठिगळं, आणि म्हणे खाली खजिना! पोरांना कशाला भलतं सांगतोस?" दादा गप्प बसायचा. आत्याने त्याचा अर्थ, खोटं उघडं पडलं की माणूस गप्प बसतो, असा लावला होता.

तर त्या दिवशी सकाळी गवंड्याने हौद बाजूला सरकवला, फरशी फोडली, हातभर माती काढली आणि लाकडी झाकण लागलं. तेवढ्यात प्रोफेसरने त्याला विषाची गोष्ट सांगितली. गवंड्याने थापी उचलली आणि तो निघून गेला. सगळ्यात शहाणा माणूस तोच, असं आत्याचं मत झालं.

"जुने राजे खजिन्यावर विषाची पूड पसरून ठेवत," प्रोफेसर सांगत होता. "हजार वर्षांनी झाकण उघडलं, तरी उघडणारा जागच्या जागी आडवा."

"कुठलं विष?" आत्याने विचारलं.

"म्हणजे?"

"नाव असेल ना त्याला काही?"

"प्राचीन विष असतं ते, आजी."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

प्रोफेसरने मुसकं सारखं केलं. आत्या थांबली नाही. "सोमल असेल तर तो दगडासारखा. शंभर वर्षं पडला तरी सोमलच राहील, पण उडी मारून तुमच्या नाकात शिरणार नाही. तो पोटात जावा लागतो. पालापाचोळ्याचा रस असेल, सापाचं असेल, तर ते कधीच नासून गेलं असेल. सायनाइड उघडं ठेवलं तर हवाच त्याला खाते. घट्ट बूच लावून ठेवलं तर मात्र टिकतं. विष टिकतं का हा प्रश्नच नव्हे. कुठलं, कशात ठेवलं आणि कोण हात घालतंय, ते सांगा."

"आत्या, त्यांनी अभ्यास केलाय," थोरला म्हणाला.

"दिसतोय."

प्रोफेसरने मग खोक्यातून एक यंत्र काढलं. विषारी हवा असेल तर ते वाजतं म्हणे. त्याने ते खड्ड्यावर धरलं, यंत्र गप्प. थोरला वाकून बघायला पुढे आला आणि यंत्र किंचाळायला लागलं. तिघं भिंतीला जाऊन चिकटले. यंत्र थांबलं. थोरला पुन्हा पुढे आला, पुन्हा किंचाळलं.

"अत्तर लावलंयस ना?" ठिणगीने मान वर न करता विचारलं.

"थोडंसं."

"मग तूच आहेस तो विषारी वायू."

अर्धा तास असा गेला. मधला म्हणाला, लांब काठीने झाकण उचलू. प्रोफेसर म्हणाला, काठीवरून विष चढतं. थोरला म्हणाला, आपल्या तिघांचीही मुलं लहान आहेत. आणि मग तिघांनीही एकदमच आत्याकडे बघितलं.

"आत्या," थोरला मधाळ आवाजात म्हणाला. विमा विकताना तो याच आवाजात बोलत असणार. "तू आयुष्यभर यातच हात घातलेस. तुझ्या अंगात ते मुरलंय. तुला काही व्हायचं नाही."

"आणि झालं तरी माझी मुलं लहान नाहीत."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे रे. सरक."

तिने पदर खोचला, भिंतीवरचे मोजे चढवले, खिडकी सताड उघडी आहे हे पाहिलं आणि खड्ड्याच्या काठावर बसकण मारली. ठिणगी हातातलं काम टाकून आली आणि तिने मागून आत्याची कंबर धरली. झाकण सहज निघालं. आत लाकडाचा भुसा, आणि भुशात मानेपर्यंत बुडालेला काचेचा मोठा बुधला. बुचावर लाख. बुचाच्या तारेला पितळेची एक पट्टी.

दोघींनी दोर लावून बुधला वर ओढला. वजनदार होता, ठिणगीच्या हाताच्या शिरा फुगल्या. जमिनीवर ठेवल्यावर आतलं पाणी डुचमळलं. पिवळट, गढूळ, तळाला थोडा गाळ. प्रोफेसर दारापर्यंत पोचला होता.

आत्याने पट्टी बोटात धरली आणि उजेडाकडे फिरवली. पट्टीवर कानशीने घातलेल्या खाचा होत्या. दुकानात द्रावणांवर कधी कागद चिकटवला नव्हता. ओलीने गळून पडायचा. दादा खाचा घालायचा. डाव्या काठाला एक खाच म्हणजे निकेल, दोन म्हणजे चांदी, तीन म्हणजे सोनं. उजव्या काठाला त्याची ताकद, एक ते चार. डावीकडे तीन खाचा होत्या. उजवीकडे चार. चार खाचांचं सोनं आत्याने पस्तीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. रोजच्या कामाला एक पुरायची, लग्नसराईत दोन.

ती जमिनीवरच बसून राहिली.

ती अजून सासरी होती त्या काळातली ही गोष्ट असणार. एका वर्षी सरकारने सोन्यावर निर्बंध घातले होते. दुकानादुकानांत सरकारी माणसं येऊन कपाटं उघडायची, गाद्या उसवायची, पिवळं दिसेल ते लिहून घ्यायची आणि उचलून न्यायची. आईच्या पाटल्यांचं काय झालं, असं तिने पुढे दादाला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "आहेत, विरघळल्या." तिने त्याचा अर्थ विकल्या असा घेतला होता आणि महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

आणि शेवटची ती अडीच वर्षं. वरच्या खोलीत पडल्या पडल्या दादा डावा हात उचलून खाली जमिनीकडे बोट दाखवायचा, मग तोच हात लुळ्या उजव्या हातावर चोळल्यासारखं करायचा. दिवसातून दहा वेळा. आत्या परातीत पाणी घेऊन जायची आणि त्याचे हात धुवायची. तो मान हलवायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आणि ती म्हणायची, "पुरे आता, दादा. किती धुवायचे? साल निघेल." हौद दाखवत होता तो. आणि या घरात धुण्याचा हौद जिला कळायला हवा होता, तिला तेवढं कळलं नव्हतं. मुसकी बांधलेल्या या तीन शहाण्यांना हसायला ती सकाळपासून बसली होती. तिचं स्वतःचं शहाणपण काही त्यांच्याहून जास्त निघालं नव्हतं.

"खाली काय आहे?" मधला ओरडला. "आत्या, खाली बघ ना!"

"खाली भुसा आहे."

"त्याच्या खाली?"

"जमीन."

"असंच करतात!" प्रोफेसर दारातून म्हणाला. "वर विष, आणखी खाली खजिना. विष आधी मारायला हवं. ते बघा, तिथे तेजाब आहे. ओता त्याच्यात, मरून जाईल."

मधला खरंच तेजाबाच्या बरणीकडे वळला. आत्या कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. भिंतीला टेकवलेली तिची काठी मधल्याच्या मनगटावर बसली.

"आई गं!"

"बरणीला हात लावलास तर दुसरा हात मोडीन. यात तेजाब ओतलं तर यातून जो वायू सुटेल ना, तो तुमच्या मुसक्यांना जुमानणार नाही. आपण पाचही जण इथेच आडवे. आणि तुम्ही हो, प्रोफेसर! विषावर व्हिडिओ काढता ना? हे शिकवता लोकांना?"

प्रोफेसरचं मुसकं आत-बाहेर होत होतं.

आत्याने श्वास घेतला. हे सांगायलाच हवं होतं. लपवणं तिला जमलं असतं, पण ते दादाच्या पोरांशी करायची तिची तयारी नव्हती, पोरं कशीही असली तरी. "नीट ऐका," ती म्हणाली. "खाली दुसरं काही नाही. हाच खजिना. या पाण्यात सोनं आहे. तुमच्या आजीच्या पाटल्या असतील, आणखी काय काय असेल. सोनं आहे म्हणून विष आहे आणि विष आहे म्हणून सोनं पाण्यात राहिलंय. दोन वेगळे नाहीत. तुमचा बाप खोटं बोलत नव्हता."

थोरला हसायला लागला. मधला मनगट चोळत हसला.

"आत्या, सोनं पिवळंजर्द असतं गं. चकाकतं. हे तर चहाचं भांडं विसळल्यासारखं पाणी आहे."

"दुसऱ्यांदा सांगते. यात सोनं आहे. ठिणगी, तू सांग."

"आहे रे," ठिणगी थोरल्याला म्हणाली. तिने बुचाच्या तारेकडे बोट केलं. "पट्टीवर खाचा आहेत."

"खाचा!" थोरला म्हणाला. "दोघी मिळून आम्हाला पाणी देऊन वाटेला लावताय, आणि आम्ही गेलो की तुम्ही खाली खणणार. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

त्यावर आत्याला पुष्कळ बोलता आलं असतं. पण तेवढ्यात प्रोफेसर म्हणाला की विषारी वस्तू सापडली आहे, उद्या कुणाला काही झालं तर जबाबदारी कोणाची, आणि थोरल्याचा चेहराच बदलला. जबाबदारी हा शब्द ऐकला की तो असाच व्हायचा. वीस वर्षं त्याने लोकांना कंपनी कशाकशाला जबाबदार नाही तेवढंच वाचून दाखवलं होतं. त्याने बॅगेतून कोरा कागद काढला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या, एकही शब्द न खोडता लिहिलं: हौदाखाली सापडलेला बुधला व त्यातील सर्व द्रव्य आत्याच्या स्वाधीन करण्यात आलं आहे, त्यावर आम्हा दोघा बंधूंचा आज किंवा पुढे कोणताही हक्क, हितसंबंध वा जबाबदारी राहणार नाही. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार प्रोफेसर.

"तिसऱ्यांदा सांगते," आत्या म्हणाली. "वाचून बघ काय लिहिलंयस. यात सोनं आहे."

"हो हो. घे, तुझं सोनं तुला. पण खड्ड्यात जे सापडेल ते आमचं."

"खड्डा तुमचाच," आत्याने कबूल केलं.

त्यांनी दोन दिवस खणलं. गवंडी परत यायला तयार होईना, म्हणून स्वतः खणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्याची कुदळ गटाराच्या नळाला लागली आणि आळीतल्या सहा घरांची घाण खड्ड्यात भरली. त्या दिवशी मुसकी खरोखर कामाला आली. प्रोफेसरने, गुप्तधनाचं रक्षण आता जलतत्त्व करत आहे, असं सांगितलं आणि आपलं मानधन मागितलं. मधल्याने ते दिलंसुद्धा.

बुधला पुढच्या खोलीत नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगीने लाख फोडली. त्यातलं थोडं पाणी गाळून काचेच्या भांड्यात घेतलं, कोमट केलं. घासून धुतलेली तांब्याची पट्टी तारेला बांधली. बटणावर बोट ठेवून ती थांबली.

"नसलं तर, आत्या?"

"नसलं तर चार खाचा खोट्या, आणि खाचेच्या बाबतीत तुझा बाप आयुष्यात खोटा वागला नाही. दाब."

पट्टी सोन्याची होऊन बाहेर आली. असला रंग आत्याने दादाच्या उमेदीच्या दिवसांत पाहिला होता. दुकानाबाहेर तेव्हा माणसं ताटकळत असायची आणि दादा गाणं गुणगुणत तारा वळायचा. ठिणगीचे डोळे भरून आले.

"मोजे घालून डोळे पुसू नकोस," आत्या खेकसली. तिच्या स्वतःच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मोज्यांमुळे तिलाही ते पुसता येत नव्हतं.

पहिल्या तारखेला बुटांचा व्यापारी टेप घेऊनच आला. जाडजूड, घाईतला, चालताना धापा टाकणारा माणूस. मागोमाग दोघे भाऊ. पुढच्या खोलीत द्रावणाची टाकी भरलेली, दिवा लागलेला, तारेला चष्म्याच्या सहा दांड्या टांगलेल्या, आणि ठिणगी एकेक दांडी बाहेर काढत होती. पिवळ्याधमक.

थोरला दारातच थबकला. "हे काय आहे?"

"सोन्याचं काम," आत्या म्हणाली. "चालू आहे. आयुष्यभर थांबतोस म्हणाला होतास ना? खुर्ची देऊ?"

"हे सोनं कुठून आलं?"

"चहाच्या भांड्यातून."

त्याला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "ते आमचंही आहे! बापाचं आहे! मी कोर्टात जाईन!"

आत्याने कागद पुढे केला. "जा ना. हा घेऊन जा. नक्कल काढून ठेवलीय."

थोरल्याने कागद घेतला आणि वाचला. मग पुन्हा वाचला. दुसऱ्याने लिहिलेला असता तर त्याला कुठेतरी फट सापडली असती. कुणाच्याही कागदातली फट तो शोधून काढायचा. पण हा त्याने स्वतः लिहिला होता. हक्क, हितसंबंध, जबाबदारी, आज, पुढे. काही म्हणता काही सुटलं नव्हतं. मधल्याने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तो हसायला लागला. दोन दिवस खणून गटार फोडलेल्या माणसाचं ते हसणं होतं, थांबेचना.

"म्हणजे दुकान मिळणार नाही?" व्यापाऱ्याने विचारलं.

"नाही," ठिणगी म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली होती.

व्यापाऱ्याने टेप गुंडाळून खिशात घातली. थोरल्याकडे, आपला वेळ फुकट घालवणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग टांगलेल्या दांड्यांकडे बघितलं, थोडा घुटमळला, आणि मनगटावरचं घड्याळ सोडून त्याने टेबलावर ठेवलं. मुलामा पार उडून आतलं पितळ दिसत होतं.

"सासऱ्यांनी दिलेलं आहे," तो म्हणाला. "कधी मिळेल?"

"गुरुवारी," ठिणगी म्हणाली.

आत्याने घड्याळ चिमटीत उचललं, उलटं करून बघितलं आणि नाक मुरडलं. "शुक्रवारी," ती म्हणाली. "आधी वीस वर्षांचा मळ काढावा लागेल."